आधी कोपऱ्याकडे

मंगळवार, संध्याकाळ. सेरंगून, सिंगापूर.

चारशे वर्षांपूर्वी रशियात गेलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याची तक्रार आहे, की तिथला पाहुणा घरात शिरला की आधी कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीपुढे वाकतो, यजमानाकडे मग बघतो. त्याला तो उद्धटपणा वाटला. सकाळी लिहिलेल्या लेखात मी त्याची बरीच टिंगल केली.

आज समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटींनी पहिल्यांदाच चहाला बोलावलं. इतकी वर्षं नुसतं लिफ्टमधलं हसू. दारात त्यांनी हात पुढे केला, आणि मी? आतला लाल देव्हारा दिसला, तर चपला काढून सरळ तिकडे जाऊन हात जोडले. त्यांचा हात तसाच राहिला.

"आई, से हॅलो फर्स्ट, लाह!" सोबत आलेली लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली.

चहा संपेपर्यंत तो हातच डोळ्यांसमोर. दुखावल्या असतील का? आता पुन्हा लिफ्टमधल्या हसण्यावरच येणार? विचारायचा धीर झाला नाही.

निघताना आंटीच म्हणाल्या, "रविवारी मी येते तुझ्याकडे. आत आल्यावर आधी कुठे वाकायचं, ते सांगून ठेव."

आमचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात असतात. जरा संकोचूनच सांगितलं.

"मग आधी स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या.