नासक्या सफरचंदांचा वास

२१ सप्टेंबर
आले एकदाची राजारामपुरीत! खोली हवेशीर आहे आणि मी शिकवते तो क्लास दोन गल्ल्यांवर, म्हणजे रोजचे गारगोटीच्या एसटीचे धक्के संपले. क्लासमध्ये माझ्याबरोबर शिकवणारा अनेकांत, त्यानं सामान वर चढवून दिलं. घरमालकीण आक्का एकट्याच राहतात, तोंडाच्या तिखट. इन्सुलिनसाठी फ्रीजमध्ये जागा मागितली, तर म्हणाल्या, आमच्या पिंट्यालाबी तीच सुई हाय की, ठेव. पिंट्या म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. शाळेत असल्यापासून मी सुया टोचून घेतेय. तो मला लगेच आपला वाटला.

२२ सप्टेंबर
घट बसले. आक्कांचं फर्मान निघालं : घट उठेतोवर घरात सुई न्हाय. हा त्यांचा स्वतःचा नियम, गल्लीत दुसरं कुणी पाळत नाही. पिंट्यालाही उपास, नुसतं दूध. मी सांगितलं, खाणं थांबलं तरी इन्सुलिन थांबवायचं नसतं, रक्तात आम्ल साठून जीव जातो. तर म्हणाल्या, खाल्लंच न्हाय तर साखर येतीया कुठनं? क्लासातल्या पोरास्नी शिकीव, मला नगं. अस्सा संताप आला! मी माझी सुई दार लावून घेणार. बघू कोण अडवतं.

२३ सप्टेंबर
जुनी शिशी संपली. फ्रीजमधून नवी घेतली. खोका ओला होता.

२४ सप्टेंबर
पिंट्या सारखं पाणी पितो आणि ओकतो. तोंडाला नासक्या सफरचंदांचा वास. रक्तात आम्ल साठल्याचं हे लक्षण मी ओळखते. डॉक्टरांकडे न्यायला उचलला, तर आक्कांनी हिसकावून घेतला. भाडेकरूनं भाडेकरूगत ऱ्हावं म्हणे. या बाईला काळीज नाही.
माझीही साखर साडेतीनशेवर गेलीय. चिडचिडीनं असेल. डोस वाढवला.

२५ सप्टेंबर
पिंट्या गेला. आक्का म्हणाल्या, देवीनं सोडवला. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. मी मात्र खूप रडले.
पुन्हा डोस वाढवला. साखर उतरत नाही. तहान भागत नाही. क्लासला गेले नाही.

२६ सप्टेंबर
ओकाऱ्या. पोटात कळा. खोलीत तोच वास, पिंट्या तर इथे कधी आलाच नव्हता. चादर धुतली, खिडक्या उघडल्या. वास आहेच.
पाण्यासाठी खाली गेले. माझा खोका बर्फाच्या कप्प्यात! आतली उरलेली शिशी दगडासारखी. आक्का शांतपणे म्हणाल्या, खाली निवदाचं दूध असतंया, त्येला सुईचा इटाळ नगं. दूध काढलं की ठेवतीया की परत खाली. घट बसल्यापासनं असंच हाय.
गोठलेलं इन्सुलिन कामाचं नसतं. म्हणजे इतके दिवस मी नुसतं पाणी —
अनेकांतला फोन केला. रिक्षा घेऊन निघालाय. तोवर वर येऊन पडलेय.

दुपार
खालून आवाज. आक्का त्याला सांगतायत, पोरगी गावाकडं गेली, जावा पावणं. ओरडले. आवाज खालपर्यंत पोचेना. रिक्षा गेली —
दाराला बाहेरून कडी. फोन खालीच राहिला, फ्रीजवर —

श्वास आवरत नाही. ओंजळीत फुंकर मारून पाहिली. सफरचंदं. वास खोलीला नाही, माझ्याच —

कडी निघाली. आक्का. दूध आणलंय. पिंट्याच्या वाटीत. म्हणतात, पी की, आता तुजाबी उपास —

मला सुई —