वहिनीच्या हातातला शर्ट

प्रिय दादा,

आज दुपारी तुझ्या कबरीला चुना लावून आम्ही दोघी तिसगावच्या घरी आलो. उद्या मृतांच्या स्मरणाचा दिवस, तिथे मेणबत्त्या लावायच्या. हात धुताना वहिनीने विचारलं, "ताई, हे सारखं म्हनायचे ना, एस्केपेड. म्हंजी काय वो ते?" "उद्या सांगते," म्हणाले आणि तुला लिहायला बसले.

इतकी वर्षं तिच्यासमोर तो शब्द मिरवलास आणि अर्थ सांगितला नाहीस?

तो कॉन्व्हेंटमधून मीच घरी आणला होता, आठवतं? कुणाला न जुमानता केलेलं बेफिकीर धाडस, असा अर्थ सिस्टरनी दिला. मग मूळ सांगितलं. लॅटिनमधला 'काप्पा' म्हणजे अंगावरचा झगा. पकडणाऱ्याच्या हातात झगा सोडून निसटायचं, त्यावरून 'एस्केप', आणि त्यातूनच पुढे 'एस्केपेड'. तू किती खूश झालास! त्याच आठवड्यात उसाच्या ट्रकला लोंबकळून पाथर्डी गाठलीस. परत आल्यावर पप्पांनी कॉलर धरली, तर शर्ट त्यांच्या हातात ठेवून तू कुंपणापलीकडे. पप्पा त्या शर्टाकडे बघत राहिले आणि हसले.

ते हसायला नको होते, दादा.

साठी उलटलेला माणूस तू. शेजाऱ्यांचं करडू विहिरीत पडलं, लोक दोर आणायला गेले होते. थोडं थांबला असतास तर? वहिनीने मागून शर्ट धरला. तू गुंड्या सोडल्यास, बाह्या काढल्यास. "धर जरा. छोटंसं एस्केपेड हाय," म्हणालास आणि सूर मारलास. पाणी किती खाली गेलंय, ते पाहिलंस तरी का? खडकावर तुझं डोकं आपटलेलं तिने वरून पाहिलं.

करडू खालच्या पायरीवर उभं होतं. दोराने सहज वर आलं. आता मोठं झालंय, दारावरून चरायला जातं. वहिनी तेवढ्यापुरती आत जाते.

शर्ट तिने अजून धुतलेला नाही. उशीखाली ठेवते. "घट धरायला पायजे हुतं," एवढंच म्हणते. अशा बाईला त्या शब्दाचं मूळ कसं सांगू? शिवाय त्यातला निसटणारा जगतो रे.

उद्या तिला सांगेन, एस्केपेड म्हणजे उनाडकी. तिला तेवढं पटेल. झग्याचं मात्र माझ्या तोंडून तिला कधी कळणार नाही, हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
बेबी