टॅल्बरी विकली गेली, मी नाही

९ जानेवारी, सोमवार
विकलो गेलो. म्हणजे टॅल्बरी मोटरसायकल कंपनी विकली गेली. नॉर्मन टिब्बेट्स हा विकला जाणारा माणूस नाही. सकाळी साडेनऊला सगळ्यांना कँटीनमध्ये उभं करून सांगितलं. सगळे म्हणजे एकोणीस. मी लागलो तेव्हा चारशे होतो. घेणारी कंपनी भारतातली, कोल्हापूरची. स्कूटर बनवते. मॅनेजर म्हणाला, आपण शंभर वर्षांत जेवढ्या गाड्या केल्या तेवढ्या ते दोन महिन्यांत करतात. हे त्याने हसत हसत का सांगितलं, कळलं नाही.
लेन हॅडली माझ्या शेजारच्या बाकावर इंजिनं जोडतो. त्याने हात वर करून एकच प्रश्न विचारला: कँटीन राहणार ना? इथे ब्रिटिश उद्योगाची तिरडी निघालीय आणि याला बेकन सँडविचची काळजी.
संकल्प: नव्या मालकांशी असहकार. अर्थात सभ्यपणे.

१० जानेवारी
बायकोला, म्हणजे डॉरीनला, सांगितलं, राजीनामा देतोय. ती म्हणाली, बरं झालं, मागचं कुंपण रंगवायचं राहिलंय. विचार केला. राजीनामा म्हणजे पळपुटेपणा. आत राहून लढणार.

१६ जानेवारी
आनंदाची बातमी. नोटीस बोर्डावर नव्या तांत्रिक प्रमुखाचं नाव लागलं: एस. इंगवेल. यॉर्कशायरकडचं घराणं असणार. म्हणजे शेवटी त्यांनाही इंग्रज माणूसच शोधावा लागला! लेनला म्हटलं, बघ. लेन म्हणाला, बघू.

२३ जानेवारी
इंगवेल इंग्रज नाही. पुरुषही नाही. शर्वरी इंगवले. वय पस्तीसच्या आसपास. मी स्वागताचं भाषण लिहून नेलं होतं, त्यात अकरा ठिकाणी ‘सर’ होतं. ऐन वेळी काय बदलणार? वाचलं तसंच. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, आभारी आहे मिस्टर टिब्बेट्स, आता इंजिन बघू या का?
कॉमोडोर हे आमचं नामांकित मॉडेल. तिच्याखाली पत्र्याचा ट्रे असतो, तो बाईंनी पाहिला. हा कशाला? म्हटलं, तेलासाठी. म्हणजे गाडी गळते? मी समजावून सांगितलं की कॉमोडोर गळत नाही, ती आपली हद्द आखते, जशी कुत्री... एवढ्यात लेनने माझ्या पायावर पाय दिला. त्याला तांत्रिक चर्चा झेपत नाही.

३० जानेवारी
इंगवलेबाई विचारत होत्या, गळणं कधीपासून? सांगितलं, १९८९ पासून. तोवर इंजिनातलं तेल अडवणारी रबरी कडी, म्हणजे ऑईल सीलं, इथल्याच वॉल्सॉलमध्ये व्हायची. थेंब सांडत नव्हता. मग कंपनीने पश्चिम जर्मनीची सीलं मागवायला सुरुवात केली आणि संपलं. परदेशी मालाचं हे असंच. (मग लक्षात आलं, बाईही परदेशी मालातच मोडतात. खोकलो.) बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. मी बोलतो ते सगळंच लिहून घेतात.
निष्कर्ष: माझ्यावाचून यांचं पान हलणार नाही. असहकार तूर्त स्थगित.

८ फेब्रुवारी
लेनला विश्वासात घेऊन सांगितलं की माझ्यासाठी ‘वारसा संचालक’ असं पद तयार होत असावं. त्याच्या नाकातून चहा आला. डॉरीनने विचारलं, संचालक आपला डबा स्वतः भरतो का?

१४ फेब्रुवारी
बाई चार तास माझ्या बाकाशी उभ्या होत्या. अभ्यास करत होत्या, माझ्या हातांचा. मी क्रँकशाफ्टचं सील बसवताना एकदम म्हणाल्या, थांबा, हे तुम्ही नेहमी असंच बसवता? अभिमानाने म्हटलं, पहिल्या दिवसापासून. कुणी शिकवलं? कुणी नाही, माझी स्वतःची पद्धत. सीलच्या एका बाजूला मोठ्या अक्षरांत ‘पश्चिम जर्मनीत तयार’ असं छापलेलं यायचं. टॅल्बरीच्या इंजिनावर? माझ्या डोळ्यांदेखत? शक्य नाही. मी छापील बाजू आत फिरवली. त्या देशाचं नाव बदललं तरी मी पद्धत बदलली नाही.
बाईंनी वही मिटली. मग विचारलं, बाकीचे लोकही? म्हटलं, सगळे. सगळ्यांना मीच तयार केलंय. बाई स्टुलावर बसल्या.
भारावल्या असाव्यात.

२१ फेब्रुवारी
बाईंनी जुन्या कागदांच्या खोलीतून इंजिनाचा मूळ आराखडा शोधून काढला. सीलला आतून पातळ रबराची कड असते, ती तेलाकडे हवी, म्हणजे छापील बाजू बाहेर. उलटं बसवलं तर ते तेल अडवत नाही, उलट वाट करून देतं. एक इंजिन त्यांनी स्वतः आराखड्याप्रमाणे जोडलं आणि ट्रे काढून चालू ठेवलं. संध्याकाळी जमीन कोरडी. म्हटलं, एका दिवसाने काय सिद्ध होतं?

२२ फेब्रुवारी
कोरडी.

२३ फेब्रुवारी, दु. ३
कोरडी. इंजिनात तेलच नसणार म्हणून तपासलं. होतं. काठोकाठ.

२४ फेब्रुवारी
आज लेनने चहा घेतला नाही. मी म्हटलं, काय रे? तो म्हणाला, चौऱ्याण्णव साली दोन नंबरची शेड का बंद झाली, आठवतंय? गळतात म्हणून गिऱ्हाइकं गाड्या परत आणून लावायची. माझा भाऊ त्या शेडमध्ये होता, नॉर्मन.
मी सांगितलं, शेड बंद पडायला अनेक कारणं होती. जपानी गाड्या होत्या. सरकार होतं. त्या वर्षी पाऊसही फार होता.  लेन हातमोजे काढून ठेवून निघून गेला.
पाऊस खरंच फार होता.

६ मार्च
इंगवलेबाईंनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. म्हणाल्या, कोल्हापूरला अहवाल जातोय. त्यात ‘जोडणीतली जुनी चूक’ एवढंच लिहिलंय, कुणाचं नाव नाही. तुम्ही वाईट हेतूने केलं नव्हतं. विषय संपला.
अहवाल घरी नेऊन वाचला. बावीस पानं. सातव्या पानावर ट्रेचा उल्लेख आहे. वॉल्सॉलचा आहे. कँटीनचासुद्धा आहे. ज्या माणसाने चौतीस वर्षं एकहाती ही पद्धत राबवली, त्याचं नाव कुठेही नाही! आयुष्य घालवा आणि वर बेनाम मरा.
पत्र लिहिलं: सदर पद्धत १९८९ साली नॉर्मन टिब्बेट्स यांनी स्वतः शोधली, इतर कुणाचाही त्यात हात नाही, तरी नावासह नोंद व्हावी. डॉरीनने वाचलं आणि माझा चष्मा उचलून कपाटात ठेवला. म्हणाली, सकाळी थंड डोक्याने बघ. (७ तारखेची भर: सकाळी चष्म्याशिवाय नेऊन दिलं.) एक प्रत थेट कोल्हापूरला.

९ मार्च
बाईंनी तीनदा विचारलं, नक्की ना? मिस्टर टिब्बेट्स, अहो, नीट विचार करा. म्हटलं, टिब्बेट्स माघार घेत नाहीत. बाई म्हणाल्या, ठीक आहे.
विजय!

१७ एप्रिल
न गळणाऱ्या नव्या कॉमोडोरसाठी चाळीस नवी माणसं भरती झाली. दोन नंबरची शेड पुन्हा उघडली. लेन सकाळी लवकर जाऊन एकटाच तिच्या दाराशी उभा होता. मी जवळ जाणार होतो. नाही गेलो.
प्रशिक्षण सुरू. मला वाटलं होतं, शिकवायला बोलावलंय. खुर्ची तिसऱ्या रांगेत होती.

२१ एप्रिल
लेखी परीक्षा. लेन ९२, मी ४१. प्रश्न संदिग्ध होते. फेरपरीक्षा गुरुवारी.

२७ एप्रिल
६३. पास. त्याहून मोठी गोष्ट: नवं माहितीपुस्तक हातात आलं आणि बाराव्या पानावर, जाड टायपात, माझं नाव! बसमध्येच डॉरीनला फोन लावला. ती म्हणाली, पुढचं वाच. वाचलं.
‘टिब्बेट्स: उलटं बसवलेलं सील. झाकण बंद करण्यापूर्वी शेजारच्या सहकाऱ्याने मोठ्याने विचारावं: टिब्बेट्स? जोडणाऱ्याने उत्तर द्यावं: नाही. उत्तर हो असल्यास लाल बटण दाबून लाइन थांबवावी.’
डॉरीन फोनवर होती.  मग ती म्हणाली, घरी ये, तुझ्यासाठी वाटाणे आणि खिम्याचे गोळे केलेत.

२८ एप्रिल
लेनकडे गेलो. म्हटलं, तुझ्या भावाचं. तो म्हणाला, हं. म्हटलं, सरकार वगैरे मी उगाच म्हणालो होतो. तो म्हणाला, माहितीये. मग म्हणाला, जपानी गाड्या मात्र होत्या. सँडविचचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला.

१५ मे, सोमवार
नव्या कॉमोडोरचा पहिला दिवस. माझ्या शेजारी जॅनिस नावाची बाई, आधी सुपरमार्केटात होती, आज सकाळीच लाइनवर आली. तिला माझं नाव सांगायला वेळ झाला नाही. मी सील बसवलं, छापील बाजू बाहेर. दोनदा पाहिलं. झाकण उचललं. जॅनिस मोठ्याने म्हणाली, टिब्बेट्स?
मला वाटलं, हाक मारतेय. म्हटलं, हो.
तिने लाल बटण दाबलं.
अख्खी शेड थांबली. अठ्ठावन्न माणसं माझ्याकडे बघत होती. इंगवलेबाई धावत आल्या, वाकून सील पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सील बरोबर होतं. पलीकडून लेनचा आवाज आला, तो आहेच टिब्बेट्स, काय करणार! शेडभर हशा. इंगवलेबाई तोंडावर हात धरून पाठमोऱ्या झाल्या. खांदे हलत होते. मीही हसलो थोडा, कारण न हसता उभं राहणं अवघड होतं.
लाइन सुरू झाली. जॅनिस लाल झाली होती, पण नियम म्हणजे नियम. तिने पुन्हा विचारलं, टिब्बेट्स?
म्हटलं, नाही.
आणि तपासणीच्या कागदावर खाली सही केली: एन. टिब्बेट्स.