बत्तीस कवितांपर्यंत पुरलेली बॅटरी

सदर बाजार, कोल्हापूर
शुक्रवार, १२ सप्टेंबर

मित्रवर्य उदयसिंह यास,

अमीनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही एकाच पाकिटातून. तुझा गुडघा, राधानगरीचा पाऊस आणि नवी म्हैस या तिघांचं कसं चाललंय ते कळव. (म्हशीचं आधी विचारायला हवं होतं, पण गुडघ्याची ओळख जुनी.) इकडे आम्हा नवराबायकोचं सगळं ठीक आहे. मेहरुन्निसाची साखर आटोक्यात आहे. माझी नाही, कारण माझ्या डब्याला कुलूप नसतं.

तुझा फोनवरचा बोलका निरोप ऐकला. मी ऐकला, स्वयंपाकघरात मेहरुन्निसानं ऐकला आणि समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून ऐकला. "अमीन, दोन हप्तं झालं, बत्तीसवर गाडी रुतून बसलीया. तुझ्यानं हुईत नसंल तर तसं सांग की लेका, आमची स्नेहल दोन दिसात टायपून टाकती!" तुझी सून वारणानगरच्या कॉलेजात दिवसभर टायपिंगच करते, तिची बोटं पाण्यासारखी चालतात, हे मला मान्य आहे. पण हे काम तुम्ही सगळ्यांनी मला दिलंत आणि मला ते सोडायचं नाही. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला मध्येच "ते ऱ्हाऊ दे" म्हणता येत नाही.

आता कामाची अडचण तुला राधानगरीत बसून समजणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दळवी गुरुजींच्या चाळीस कविता, त्यांचं पुस्तक पाच ऑक्टोबरला आपल्या वर्गाच्या मेळाव्यात, त्यासाठी येत्या बावीस तारखेला मजकूर छापखान्यात, हे तुला माहीत आहे. वही गुरुजी उशाखाली ठेवतात आणि घराबाहेर नेऊ देत नाहीत, हेही माहीत आहे. तुला माहीत नाही ती त्यांची अट. मी पहिल्या दिवशी फोननं पानांचे फोटो काढायला गेलो, तर ब्याण्णव वर्षांचा माणूस उशीवरून मान उचलून म्हणाला, "अमीन, आधी मोठ्यानं वाच, मग लिही." सातवीत शुद्धलेखनाला हाच नियम होता. म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी मी एसटीनं कागलला जातो, पलंगाशेजारी बसतो, एकेक कविता त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, ते डोळे मिटून ऐकतात, बोटानं पलंगाच्या कठड्यावर ताल धरतात, एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि मग मी ती लॅपटॉपवर उतरवतो. (मध्ये मी हरवतो हे खरं आहे. शनिवारची सकाळची शाळा, खिडकीतून येणारं तिरकं ऊन, चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणताहेत, आणि तू चाल सोडून अर्धी ओळ पुढे. असं काही दिसायला लागलं की माझी बोटं थांबतात. पण त्यात फार तर दहा मिनिटं जातात.)

त्या खोलीत विजेचा सॉकेट एकच आहे. त्यात गुरुजींच्या हवेच्या गादीची मोटर लावलेली असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दिलेली गादी आहे ती. मी एकदा दोन सॉकेटचा जोड-बोर्ड नेला होता. गुरुजींच्या धाकट्या बहीण धोंडुबाई, वय ब्याऐंशी, दारातच उभ्या राहिल्या. "त्या ठोकळ्यानं मोटर बंद पडली आन् गादीतली हवा गेली, तर तू तोंडानं भरणार हाईस व्हय रं?" मी नाही म्हणालो. बोर्ड पिशवीत परत गेला. थोडक्यात, कागलला लॅपटॉप चालायचा तो घरून भरून नेलेल्या बॅटरीवर. आणि सगळं रामायण इथून सुरू झालं.

हा लॅपटॉप माझा भाचा फराज यानं दिला. तो कागलच्या एमआयडीसीत आहे, त्याला कंपनीनं नवा दिला. मी संध्याकाळी बॅटरी शंभर टक्के भरायचो, पुस्तक मिटावं तसा मिटायचो आणि पिशवीत ठेवून द्यायचो. सकाळी कागलला जाऊन उघडला की अठ्ठावीस टक्के. अठ्ठावीस टक्क्यांत दीड कविता होते. उरलेली अर्धी गुरुजींना तोंडपाठ असते, पण ती लिहायला यंत्र जागं नसतं. एकदा तर एसटीत पिशवी मांडीवर होती आणि शेजारचा पैलवान गडी तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "पावणं, भाकरी हाईत काय आत? ऊनऊन लागतंय की." मी लॅपटॉप आहे म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. उतरेपर्यंत तो पिशवीकडे बघत होता.

फराजला फोन केला. तो म्हणाला, "मामू, झाकण मिटलं की ते झोपत नाही, नुसतं डोळे मिटून पडतं. आत मेल बघतं, वायफाय शोधतं, घड्याळ लावतं." मला हे पटायला वेळ लागला. आपण शाळेत ज्या कविता शिकलो त्यांत जे झोपलं ते झोपलं. पाखरं झोपली, गाय झोपली, वारा झोपला. झोपेत पाखरानं मेल बघितल्याचं एकाही कवीनं लिहिलेलं नाही. त्याला इंग्रजीत 'स्लीप' म्हणतात आणि आतून ते मागच्या बाकावरच्या पोरासारखं असतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

मग फराजनं 'हायबरनेट' नावाची दुसरी झोप सुचवली. ती लॅपटॉपमध्ये अशा ठिकाणी लपवलेली आहे की कंट्रोल पॅनेलची चार दारं उघडून मागच्या खोलीत जावं लागतं. (फराज फोनवर वाट सांगत होता, मी दोनदा चुकलो आणि एकदा भाषा कन्नड करून बसलो.) या झोपेत म्हणे यंत्र आपल्या ध्यानातलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतं आणि मग खरोखर निजतं. बेडूक पावसाळा संपल्यावर जमिनीत जातो, तसं. कल्पना मला फार आवडली. लिहून ठेवलं की निवांत झोपता येतं, ही गोष्ट यंत्राला कळली आणि आमच्यासारख्यांना सत्तरी आली तरी कळत नाही. तर हायबरनेट करून गेलो. उठायला त्यानं पाऊण मिनिट घेतलं. गुरुजींनी डोळे न उघडता विचारलं, "उठला का?" उठला. पण सत्तावन्न टक्के.

आता राहिलं 'शटडाऊन'. ते मी रीतसर केलं, पडदा काळा होईपर्यंत समोर बसून राहिलो. साठ टक्के! फराज म्हणाला, शटडाऊनही पुरतं नसतं, सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते अर्धं हायबरनेट करतं, त्याला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात, ती खूण काढा. काढली. एकसष्ट टक्के. झोपलेला, निजलेला, मेलेला, तिन्ही अवस्थांत हा प्राणी घरातून शंभर निघतो आणि कागलला निदान चाळीसेक घालवून पोचतो. शेवटी फराज मऊ आवाजात म्हणाला, "मामू, बॅटरीचं वय झालं. टाकून द्या." वय झालं म्हणून टाकून द्या, हे मी आवाज न चढवता ऐकून घेतलं.

उलगडा पावसानं केला. सकाळच्या नमाजानंतर मी दूध घेऊन, रमतगमत फिरून आठला घरी येतो. त्या दिवशी असा कोसळला की सहालाच परतलो. बघतो तर लॅपटॉपच्या पिशवीची चेन चार बोटं उघडी, त्यातून एक पांढरी वायर बाहेर आलेली आणि वायरीच्या टोकाला मेहरुन्निसाचा फोन, निवांत चार्ज होतोय. मी विचारलं हे काय. तिनं तवा उतरवला नाही. म्हणाली, "कपाटाजवळचा सॉकेट तुमच्या त्या चार्जरनं अडवलाय. जूनपासनं हात लावू देत न्हाईसा. मग मी माझा फोन कुठं लावायचा, तुमच्या नाकाला?" मी म्हटलं, अगं, पण लॅपटॉप बंद होता! तर म्हणते, "तुम्हीच म्हणालासा न्हवं, बंद हाय म्हणून? बंद पडलेल्या वस्तूचं काय जातंय?" मी फराजला फोन लावला. फराज म्हणाला, ज्या भोकाजवळ बारीक विजेची खूण असते ते यंत्र बंद असतानाही दुसऱ्याला वीज देत राहतं. तीन महिने मी त्याची झोप तपासत होतो आणि तो गुपचूप संसार चालवत होता.

मी चार्जर कपाटापासून हलवला, फोनला सॉकेट परत दिला. आता लॅपटॉप पुरता बंद करून निघालो तर दोन टक्क्यांच्या वर एक कण जात नाही. तेव्हा स्नेहलला तसदी देऊ नकोस. उरलेल्या आठ कविता मी बावीस तारखेच्या आत देतो. वहिनींना आदर, नातवंडांना आशीर्वाद, म्हशीला तुझ्या हातून थाप.

तुझा
अमीन

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. उलगडा या आठवड्यातला वाटेल असं लिहिलं गेलंय. तो अठरा ऑगस्टचा आहे. त्यानंतरच्या चार खेपांत मी भराभर बत्तीसपर्यंत पोचलो. मग सप्टेंबरात चार वेळा गेलो आणि चारही वेळा वही उघडून, गळा साफ करून, लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "गुरुजी, बॅटरी गेली." काल मिटताना ती ब्याण्णव टक्के होती. गुरुजी दर वेळी एवढंच म्हणतात, "परत गेली? बरं. पुढच्या वेळी इथूनच."

ता. क. २. तेहतिसावी कविता गुरुजींची नाही. अक्षर त्यांचं आहे, खाली नाव नाही, नुसतं 'इयत्ता सातवी' आणि साल. पहिली ओळ लिहितो, म्हणजे पुढचं तुला आपोआप आठवेल: 'भाता माझ्या अब्बांचा फुसफुस करतो फार, काळ्या काळ्या पातेल्याला चांदीची ये धार.' अब्बा तेव्हा कल्हई करायचे. मी ही वर्गात वाचली आणि 'फुसफुस'वर सगळा वर्ग बाकं बडवायला लागला, सर्वांत आधी तू. वर्षभर मला त्याच नावानं हाक मारलीत. गुरुजी हसले नव्हते, रागावलेही नव्हते, फक्त कागद मागून घेतला होता. तो फाडला असेल असं मी छप्पन्न वर्षं धरून चाललो आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही. त्यांनी तो आपल्या कवितांत उतरवून ठेवलाय. 'फुसफुस' तसंच ठेवलंय. कुणाची कविता हे त्यांना आठवतंय की ती आपलीच आहे असं आता वाटतंय, ते विचारायचं धाडस होत नाही. पण नियम नियम आहे: आधी मोठ्यानं वाचायची.

ता. क. ३. म्हणून खरं काम एवढंच. सोमवारी, पंधरा तारखेला, सकाळी दहाला कागलच्या स्टँडवर ये. गुडघ्याला रिक्षा मी करीन. गुरुजींच्या खोलीत माझ्याजवळ बस, पडद्यावरचा आकडा तुला दिसेल असा. मी लॅपटॉप मिटायला लागलो की वर्गात चुगली करायचास त्याच आवाजात ओरड: "गुरुजी, खोटं बोलतोय ह्यो! ब्याण्णव टक्के हाय!" आणि मग मी वाचत असताना हसू नकोस. आलंच तर बाहेर जाऊन हस.