जीपला दुसरं इंजिन बसलं तेव्हा

मामा,

आज सकाळी तारनाक्याच्या सिग्नलला एक जुनी जीप माझ्या गाडीशेजारी येऊन थांबली आणि नुसत्या आवाजावरून मला कळलं, की तिच्यात तिचं मूळचं इंजिन नाही. पेट्रोलसाठी बांधलेल्या गाडीत डिझेल घातलं की बॉनेट कसं थरथरतं, आरसा कसा हलत राहतो आणि त्यात मागचा रस्ता पाण्यात पडल्यासारखा कसा दिसतो, हे मला तुमच्यामुळेच ठाऊक. सिग्नल सुटला. ती जीप निघून गेली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि मी थोडा वेळ तिथे असूनही तिथे नव्हते. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुम्हाला आठवायला बसले तर आधी तुमचे हात आठवतात, ग्रीसने काळे झालेले, रॉकेलच्या चिंधीने सावकाश पुसले जाणारे. चेहरा त्यानंतर येतो.

मी सून म्हणून तुमच्या घरात आले तो काळ मला आता एखाद्या लांबलेल्या दुपारसारखा वाटतो. हिमायतनगरला जिन्याजिन्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, गच्च्यांवर डिश उगवत होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका होती. तुमचा मुलगाही लग्नानंतर काही महिन्यांतच तिकडे गेला. जम बसला की तुला बोलावून घेतो, म्हणाला. मी पुण्याची. इथली बोली मला अर्धीमुर्धी कळायची. आमच्याकडे सासऱ्यांना बाबा म्हणत, तुमच्याकडे मामा आणि सासूला आत्याबाई. जीभ वळेना म्हणून सुरुवातीला मी तुम्हाला काहीच म्हणत नसे. तुम्ही बिदरकडच्या शेतकरी घरातले, लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले, भूजल खात्यातून निवृत्त झालेले. तुमची मराठीसुद्धा हौ आणि नक्कोची. जेवताना आपण तिघं बसायचो, पंखा फिरायचा, आणि टेलिफोन वाजण्याची वाट कोण जास्त बघतंय ते कुणी बोलून दाखवायचं नाही.

निवृत्तीनंतरही तुम्ही गावोगाव जाऊन बोअर कुठे पाडायची ते सांगायचात. शेतात लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वायरी पसरायच्या, जमिनीतून वीज सोडायची आणि पेटीवरचा काटा बघून खाली पाणी किती खोल असेल त्याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी तुमची ती जीप होती, सरकारी लिलावातून आणलेली, चारही चाकांना गती मिळणारी. ती पेट्रोल इतकं प्यायची की तुमची सगळी मेहनत तिच्याच पोटात जायची. "ही मला खायलीय," असं तुम्ही म्हणायचात, पण म्हणताना तिच्या मडगार्डवर हात ठेवायचात. मुलाने फोनवर सांगितलं, विकून टाका, आता नव्या छोट्या गाड्या हप्त्यावर मिळतात. तुम्ही हौ हौ म्हणालात, फोन ठेवलात, आणि आत्याबाईंना सांगितलंत, "नवी गाडी काळ्या रानात जाईल का? हिच्यात डिझेलचं इंजिन बसवतो." आत्याबाई ताटात भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "बसवा. माणसांचं काही बदलता येत नाही, गाडीचं तरी बदला."

तुम्ही मला बरोबर का घेतलंत ते मी कधी विचारलं नाही. मी दिवसभर टेलिफोनच्या खोलीत बसून असते हे तुम्ही बघितलं असणार. मुशीराबादच्या पुढे चिंचेच्या झाडाखाली उस्तादांचं वर्कशॉप होतं. उस्ताद म्हणजे सतत बोलणारा, सतत पान खाणारा आणि कशालाही नाही न म्हणणारा माणूस. झाडाच्या जाड फांदीला साखळी लावून त्यांनी जुनं इंजिन वर उचललं. ते हवेत हळूहळू फिरत होतं, त्यातून तेलाचा एकेक थेंब मातीत पडत होता, आणि सगळं काम करणारे हात क्षणभर थांबले होते. ते दृश्य मला अजूनही झोपेत दिसतं. स्वप्नात ते इंजिन खाली येतच नाही.

नवं इंजिन, म्हणजे तसं जुनंच, कुठेतरी उलटलेल्या एका गाडीतून काढलेलं होतं. ट्रॅक्टरच्या जातीचं, जड, ठेंगणं. ते जीपमध्ये ठेवून बघितलं तेव्हा जीपचं नाक खाली गेलं. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणखी एक पाटी घालावी लागणार होती. शिवाय इंजिनच्या खालचं तेलाचं भांडं पुढच्या आसाला टेकत होतं. उस्तादांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "साब, आगे का गियर निकाल देते. पीछे के दो चक्के बस हैं. आपकू कौनसा पहाड चढना है?" तुम्ही उकिडवे बसून खाली बघत होतात. "पहाड नै, उस्ताद. कीचड," तुम्ही म्हणालात. "बरसात में काली मिट्टी ऐसा पकडती, आगे के चक्के नै खींचे तो गाडी वहींच रह जाती. तेल का बर्तन काटो." उस्ताद म्हणाले, "हो जाता साब." मग ते भांडं कापलं, नव्या आकारात जोडलं, पुन्हा गळलं, पुन्हा जोडलं. दिवस जात होते आणि मला ते जाताना जाणवत नव्हते. घरी टेलिफोन वाजला असेल का, हा विचार चिंचेखाली गेलं की येत नसे.

अशाच एका दिवशी बॉनेट उघडं होतं आणि नवं इंजिन पुन्हा बाहेर काढून बाजूला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. रिकाम्या जागेतून थेट खालची जमीन दिसत होती, तिच्यावर चिंचेची बारीक पिवळी पानं. तुम्ही एका मडगार्डवर कोपर टेकून उभे, मी दुसऱ्या. दोघंही आत बघतोय, जणू विहिरीत बघावं तसं. तुम्ही म्हणालात, "त्याचा फोन आला होता. तू सुलतान बाजारात गेली होतीस तेव्हा."

"काय म्हणाले?"

"तो तुला बोलवायचा नाही. तिकडं त्याचं दुसरं जमलंय." तुम्ही चिंधीने बोटं पुसत राहिलात. "मला सांगायची लाज वाटायलीय, पोरी. घरात सांगितलं असतं तर तुझ्या आत्याबाई रडल्या असत्या, आणि तुला तुझं सोडून त्यांनाच समजावत बसावं लागलं असतं. म्हणून इथं सांगितलं."

मी त्या पानांकडे बघत राहिले. उन्हाचा एक तुकडा त्यांच्यावरून सरकत होता. आपल्याला आता रडायला येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी मी विचारलं, "हे इंजिन कधी बसणार?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. असं कुणी माझ्याकडे त्याआधी बघितलं नव्हतं, दया न करता. "उस्ताद आठवड्याचा वायदा करायलेत," तुम्ही म्हणालात, "म्हणजे महिना धर."

पुण्याहून माझा भाऊ मला न्यायला आला. तो रागाने आला होता आणि तुमच्या पुढ्यात बसल्यावर त्याला राग कुठे ठेवावा ते कळेना. तुम्ही त्याला म्हणालात, "चूक आमच्या घराची आहे. तुम्ही हिला नेलंत तर मी अडवायचा नाही. ती इथं राहते म्हणाली तर तिला ओझं म्हणायचा नाही. तिनं ठरवावं." आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी भावाला म्हणाले, "तू जा, दादा. मी थोड्या दिवसांनी येते." तो गेला. आत्याबाईंनी त्या संध्याकाळी माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी केल्या आणि स्वतः न जेवता समोर बसून राहिल्या.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा फजितीच झाली. एक जोराचा हिसका बसला, इंजिन पुढे झुकलं आणि पंख्याची पाती रेडिएटरमध्ये घुसली. पाणी भळाभळा वाहून चिंचेच्या मुळाशी गेलं. उस्ताद जमिनीवरच बसले. त्या दिवशी त्यांनी पान खाल्लं नाही. तुम्ही इंजिन बंद केलंत, खाली उतरलात, आणि त्यांच्या शेजारी मातीत जाऊन बसलात. कोण चुकलं ते दोघांपैकी कुणीच काढलं नाही. थोड्या वेळाने उस्ताद म्हणाले, "साब, रेडिएटर आगे सरकाते. जाली भी आगे लेना पडता. शकल बदल जाती इसकी." तुम्ही म्हणालात, "शकल देखके पानी नै निकलता." जाळी पुढे आली, आणि जीप कायमची ओठ काढून रुसलेल्या मुलीसारखी दिसायला लागली.

दुसऱ्यांदा आत्याबाईही आल्या. इंजिन परक्याचं, उलटलेल्या गाडीचं, तेव्हा नजर काढायलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. उस्तादांनीही आपल्या परीने काहीतरी पुटपुटून रेडिएटरवर फुंकर घातली. डिझेलला लगेच चावी मारायची नसते. आधी आतला हीटर तापू द्यायचा, थांबायचं, मग फिरवायची. ते थांबणं मला आठवतं. झाडाखाली आपण सगळे उभे, पलीकडच्या गल्लीतला दळणाच्या गिरणीचा आवाज, ऊन, आणि तुमचा हात चावीवर. मग इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, काळा धूर निघाला, चिंचेवरचे कावळे उडाले, आणि ते धडधडायला लागलं. सावकाश, जड, एकेक ठोका मोजून घेता येईल असं. आत्याबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या, "ट्रॅक्टरच आणला म्हणा की घरात." आणि त्या हसल्या. त्या फोननंतर पहिल्यांदा.

तुम्ही मला जागेवर बसायला सांगितलंत. माझा पाय क्लचवर पोचला, पण तो दाबला जाईना. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पाठ मागे रेटली, तरी नाही. उस्ताद हसून म्हणाले, "बीबी, ये क्लच मर्दों का है." तुम्ही न हसता म्हणालात, "फिर बदलो. ये चलाएगी." तेवढंच. उस्तादांनी एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पान्हा हातात घेतला. क्लचचा दांडा त्यांनी लांब करून दिला. ही गाडी तुम्ही माझ्या पायाच्या मापाने करून घेताय, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या वेळी मात्र मी झाडामागे जाऊन रडले. तिकडे कुणी आलं नाही. सगळ्यांनी मला वेळ दिला.

मग सकाळचे ते रस्ते. विद्यापीठातल्या मोठ्या झाडांखालून आपण सावकाश जातोय. तुम्ही शेजारी बसून एक शब्द बोलत नाही. गिअर अडकला की फक्त तळहात उघडा करून थांब म्हणता. पुढे नारायणखेडकडची रानं, ताडाची झाडं, एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगड. मी वायरी पसरतेय, काटा वाचतेय, तुम्ही खुंट्या ठोकताय. एका पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली. तुम्ही पुढच्या चाकांचा गिअर टाकायला सांगितलात आणि ते दांडगं इंजिन न चिडता, न ओरडता आपल्याला इंच इंच बाहेर घेऊन आलं. बांधावरची एक म्हातारी ते सगळं बघत होती. तिने तुम्हाला तेलुगूत विचारलं, "कूतुरा?" मुलगी का ही? कोर्टात माझं नि तुमच्या मुलाचं नातं तेव्हा संपलं होतं. तुम्ही "अवुनु" म्हणालात, म्हणजे हो, आणि पुढची खुंटी ठोकायला वाकलात.

तुम्ही गेल्यावर ते काम मी चालू ठेवलं, अजून करते. आत्याबाई शेवटपर्यंत माझ्याजवळ होत्या. जीप झहीराबादकडच्या एका आंबेवाल्याला दिली. तो ती बागेतल्या बागेत फिरवतो, असं ऐकलं. तुमच्या तेराव्याला नातेवाईक म्हणाले, सून असून मुलीसारखी राहिली, म्हाताऱ्यांसाठी पोरीने आयुष्य दिलं. तुम्हीही एकदा दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला होतात, "आमच्यासाठी थांबलीस, पोरी." मी तेव्हा फक्त तुमची उशी नीट केली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच सांगते. भाऊ आला त्या दिवशी माझी बॅग भरलेली होती. अगदी काठोकाठ, साड्यांसकट. मी जायचं ठरवलं होतं. थांबले ती तुमच्यासाठी नाही, मामा, आत्याबाईंसाठीही नाही. मला फक्त ते इंजिन चालू होतं का, ते बघायचं होतं. मग ते चढण चढतं का बघू म्हटलं, मग चिखलातून निघतं का बघू. माया त्यानंतर कधीतरी आली. नक्की कधी, ते मला आजही सांगता येत नाही.