सरपंचाचं रक्त आणि एकशे दहा दिवस

४ जुलै, संध्याकाळी ५.४०
आयुष्य बदललं ते आत्ता. वेळ मुद्दाम लिहून ठेवतो. मोनिकाचा फोन. मी कॉलेज सोडलं तरी तिनं नंबर ठेवलाय, यावरून काय ते समजावं. तिच्या ब्रूनोला गोचीड ताप. हिमोग्लोबिन चारवर. दोन दिवसांत दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळालं नाही तर जगत नाही. म्हणाली, इंद्रजीत, तुझ्याकडं मोठा कुत्रा आहे का? मी म्हणालो, आहे की.
कुत्रा नाही. पण तो मुद्दा नाही.

५ जुलै
सकाळच्या एसटीनं देवगाव रंगारी, कडूबामामाकडं. मामाचा कुत्रा सरपंच. वय चार, वजन बत्तीस किलो. मामा म्हणाला, कॉलेज सोडून आता कुत्री गोळा करतो व्हय? मी शांत राहिलो. तांब्या फेकला तो मामाच्या दिशेनं नव्हता. परतताना जीपवाल्यानं कुत्र्याचं भाडं मागितलं. वाद जीपमधल्या वैजापूरच्या तीन पाहुण्यांनी सोडवला. सरपंच डोळे मिटून बसून होता.
आजपासून राग बंद.

६ जुलै
जनावरांचा दवाखाना. डॉक्टर देवेश म्हणाले, कुत्र्यांचे डझनभर ब्लडग्रुप असतात, पण पहिल्या वेळी सहसा कुणाचंही चालतं. तरी थेंब मिसळून तपासलं. जुळलं. रक्त देणारा शांत पाहिजे, पंधरा मिनिटं हलायचं नाही. सरपंच पास. मला बाहेर बसवलं.
संध्याकाळी ब्रूनोनं शेपूट हलवली. मोनिका रडत सरपंचाच्या गळ्यात पडली. सरपंच माझ्यातर्फे आलेला, म्हणजे हिशेब सरळ आहे.
तिच्या आजी, चतुराबाई, म्हणाल्या, लेकरा, तुमच्या घरचं रक्त आमच्या घरात आलं, आजपासून तू आमच्या भावकीतला. मी पाया पडलो. एका दिवसात घरातला झालो.

७ जुलै
भावकीत लग्न होत नाही. दात घासताना लक्षात आलं.

८ जुलै
डॉक्टरांना म्हणालो, सरपंचाचं रक्त परत काढा, दुसऱ्या कुत्र्याचं भरा. ते म्हणाले, दुसऱ्या वेळी अंगावर येऊ शकतं, कुत्रं हकनाक मरेल, आणि तुम्ही कोण लागता त्याचे? मी म्हणालो, तीच तर अडचण आहे. टेबलावर हात आपटला. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, दिलेल्या पेशी कायम राहत नाहीत. फार तर एकशे दहा दिवस, मग सगळं ब्रूनोचं स्वतःचं.
म्हणजे २४ ऑक्टोबर. कॅलेंडरवर गोल केला. तोवर डिग्री पूर्ण करणं, सकाळी पळणं, राग बंद (आता नक्की).

९ ऑगस्ट
राखी पौर्णिमा. मोनिकाकडून पाकीट. खोलीचं दार लावून उघडलं. आत राखी, चिठ्ठीवर नाव सरपंचाचं. मला नाही.
पेशी मरायला लागल्यात.

२ सप्टेंबर
परत अ‍ॅडमिशनचा फॉर्म घेऊन कॉलेजात गेलो. एचओडी म्हणाले, आलात का साहेब. फॉर्म त्यांच्याच टेबलावर फाटला.
पळणं सोमवारपासून.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. शेवटचा धोक्याचा दिवस. फोन बंद.

२४ ऑक्टोबर
अकरा वाजता मोनिकाचं घर. इस्त्रीचा शर्ट. डॉक्टरांकडून लेखी आणलं होतं, सहीशिक्क्यासह: दिलेल्या रक्ताचा अंश आता ब्रूनोत नाही. (चौथ्या खेपेला दिलं.) ब्रूनो सोफ्यावर, धडधाकट. मी मुद्देसूद मांडलं. पेशी संपल्या, भावकी संपली.
आजी म्हणाल्या, मेल्या व्हय सगळ्या, अरे देवा. मोनिकानं कागद दोनदा वाचला. म्हणाली, म्हणजे रक्ताचं काही उरलं नाही? मी म्हणालो, एक थेंब नाही. तिनं विचारलं, नक्की ना? मी सही दाखवली. म्हणाली, बरं झालं, आजीनं तुझ्यासाठी शर्टपीस काढलं होतं, भावकीतला म्हणून. आजी उठल्या आणि शर्टपीस कपाटात परत ठेवलं. मग मोनिका म्हणाली, आता मला सांग, तू आमचा कोण?
उत्तर खिशात होतं. पाच पानं, स्वच्छ अक्षरात. ती वाट बघत होती. खरंच विचारत होती. पहिलं पान काढलं. त्यात सगळं मी किती शांत झालोय याबद्दलच होतं.
राग आला नाही. यायला हवा होता.
पान घडी करून परत खिशात ठेवलं, उठलो. मोनिका म्हणाली, दार लाव हं, ब्रूनो पळतो.
बाहेर आलो. दार लावलं.