गच्चीपासून आमच्यापर्यंतची वायर

६ मे
गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू. सगळ्या बिल्डिंगची मिळून असलेली डिशची छत्री कामगारांनी उतरवली, वायरी तोडल्या. विचारलं कुणी नाही. टीव्ही लावला तर नुसता निळा पडदा. हे डाव्या हाताने पडद्याकडे दाखवत राहिले. काय सांगू यांना?

७ मे
मीनाचा नाशिकहून फोन. "आई, टीव्हीचं काय एवढं!" लेक असून तिच्या लक्षात येत नाही. अर्धांगाच्या झटक्यात यांचं बोलणं गेलं. परत आलं ते फक्त बातम्यांखाली सरकणाऱ्या पट्टीपुरतं. माझं नाव येत नाही तोंडी, पण 'पाणीपुरवठा', 'केळीचे भाव' मोठ्याने वाचतात. स्पीच थेरपीच्या बाईंनी बजावलंय, एवढं तरी तुटू देऊ नका.
आज एक शब्द नाही.

१० मे
डिशवाला आला. म्हणे जुनी छत्री पुन्हा बसवा आणि तिच्यावरून प्रत्येक फ्लॅटला वेगळी वायर घ्या, नाहीतर स्वतःची छोटी छत्री लावा. आमची गॅलरी उत्तरेला, तिथे सिग्नल नाही. म्हणजे छत्री गच्चीवरच आणि वायर पाइपांच्या डक्टमधून पार आमच्या पहिल्या मजल्यापर्यंत. पण तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी डक्टमध्ये स्लॅब टाकून स्वयंपाकघर वाढवलंय. जुन्या वायरी त्यात चिणलेल्या. नवी जायला जागा नाही. नेट घेतलं तरी वाट तीच.

१२ मे
सोसायटीची मीटिंग. बाहेरच्या भिंतीवरून वायर सोडू द्या म्हटलं. नवा रंग दिलाय, नाही म्हणाले. वरच्या मजल्यांवर सगळ्यांनी एव्हाना आपापल्या छत्र्या लावून घेतल्यात. सेक्रेटरी हसून म्हणाले, "काकू, आता टीव्ही कोण बघतं? मोबाईल द्या त्यांच्या हातात."
उठून आले.

१४ मे
मोबाईल दिला. दूर सारला. पेपर धरला समोर, मोठे मथळे बोटाने दाखवले. नजर ठरेना. मीच वाचत बसले शेवटी. हे भिंतीकडे तोंड करून पडून. ऊन मरणाचं, कूलर नुसता आवाज करतोय. जेवण निम्मं टाकलं.

१७ मे
नानांकडे गेले. माणूस भडगावकडचा, अजून अहिराणीच बोलतो. स्लॅब फोडायचं नाव काढताच सून आतून म्हणाली, "आमचा ओटाच जाईल!" मला तिथेच रडू आलं. नको होतं यायला. नाना गडबडले. "अक्का, रडू नका. भाऊले वर आना. मना घर टीव्ही चालू शे."
लिफ्ट बंदच आहे. तरी आणते म्हटलं.

१८ मे
नानांचा मुलगा आणि वॉचमन, दोघांनी यांना खुर्चीत बसवून वर नेलं. जिन्यात यांनी कठडा घट्ट धरला, सोडवेना. नानांनी बातम्या लावल्या. पट्टी सरकत होती, अक्षरं आमच्या टीव्हीपेक्षा मोठी. हे बघत होते. मी कानात म्हटलं, वाचा ना. नाना म्हणाले, "वाचा भाऊ, वाचा." सून चहा घेऊन उभी.
ओठसुद्धा हलले नाहीत.
परकं घर, सगळे टक लावून बसलेले, म्हणून असेल. नाहीतर मग

१९ मे
लिहावंसं वाटत नाही.

२१ मे
नाना स्वतः खाली आले. यांच्या कॉटशी बसले, हात हातात घेतला. मग मला म्हणाले, "मी मिस्तरीले सांगी दिधं. स्लॅब फोडसूत. सून बोली ते बोली."
ज्याच्यासाठी इतकी फिरले ते आयतं दारात आलं. तोंडातून धड आभारही निघाले नाहीत. जोवर वायर नव्हती तोवर दोष वायरला देता येत होता.

२३ मे
वर दोन दिवस ठोकाठोक. नानांची सून जिन्यात भेटली, बोलली नाही. तिचंही बरोबर आहे. दुपारी डिशवाल्याने गच्चीवर छत्री लावली, वायर खाली आणली, टीव्हीला जोडून दिली. चित्र स्वच्छ. "अजून काही, काकू?" नाही म्हटलं. गेला.
हे जागे आहेत, पण तोंड भिंतीकडे. मी आवाज बंद केलाय, पट्टी चालली आहे. डाव्या हाताच्या जोरावर यांना वळता येतं, मनात आलं तर. मी वळवू शकते, क्षणाचं काम. खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.